डिकीतला माणूस

बटण दाबलं की गाडी जपानीत काहीतरी बोलते.
एका बाईचा आवाज, शांत, अदबशीर.
बहुधा तारीख सांगते, किंवा सांभाळून जा म्हणते.
उलानबातरमधल्या कितीतरी गाड्यांत
अशी एक बाई बसलेली असते.
रोज बोलते आणि कुणाला कळत नाही.

बाजारात विकणारा म्हणाला होता,
एका म्हाताऱ्या शिक्षिकेची गाडी, फक्त देवळापर्यंत जायची.
किलोमीटरचा आकडा इतका गोल
की त्याच्याऐवजी मीच लाजले.

तिसऱ्या आठवड्यात आवाज सुरू झाला.
मागून, डावीकडून. खड्ड्यात नाही,
खड्डा संपल्यावर.
टक्.
विचार करून उत्तर दिल्यासारखा.

पहिल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, शॉक-अब्सॉर्बर, दोन्ही.
दुसऱ्याने चाकाला लाथ घातली: बेअरिंग.
तिसऱ्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं,
मग गळ्यातल्या हॉस्पिटलच्या ओळखपत्राकडे,
आणि आकडा सांगितला.
आजार नंतर सांगितला.

पंधरा वर्षं रात्रपाळी केली आहे मी.
नाडीला हात न लावता लिहिलेली चिठ्ठी
मला लांबूनही ओळखता येते.

चोयजिलचं नाव दिलं आमच्या बॉयलरवाल्याने,
तेही कुरकुरत.
हळू काम करतो. तोंडाने फटकळ.
दुपारी जाऊ नकोस, जेवून झोपलेला असतो.
एवढे दोष ऐकले
आणि मी पत्ता लिहून घेतला.

गॅरेज म्हणजे गंजका कंटेनर, आत कोळशाची शेगडी.
त्याने गाडी ऐकली. दाबून, हलवून पुन्हा ऐकली.
मग हात पुसत म्हणाला,
"माहीत नाही."

चार गॅरेजं फिरले,
हे दोन शब्द कुणी काढले नव्हते तोंडातून.
आमच्याकडचे मोठे डॉक्टरही
ते घशातच ठेवतात.

मग त्याने डिकी उघडली,
रात्री इंजिनावर घालते तो माझा बुरणूस अंथरला,
गुडघे पोटाशी घेऊन आत आडवा झाला, टॉर्च दातांत.
ती काढून एवढंच म्हणाला, "लाव झाकण.
टेकडीवरच्या वस्तीकडे घे. रस्ता जितका वाईट तितका बरा."

उणे एकतीस.
धूर इतका की कुत्री आधी ऐकू येत होती, मग दिसत होती.
एका माणसाला डिकीत घालून मी चढ चढत होते
आणि चौकातल्या पोलिसाकडे बघून हसले,
गरजेपेक्षा जरा जास्तच.
अडवलं असतं तर काय सांगणार होते?
माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं त्याने.
ब्रेक माझ्या पायाखाली, दार माझ्या हाती,
आणि तो आत अंधारात कान लावून.

एक ठोका आला. मी थांबले.
दोन ठोके. निघाले.
ठरवलं काहीच नव्हतं,
पण तिसऱ्या गल्लीपर्यंत आम्हाला एकमेकांची भाषा येऊ लागली:
एक म्हणजे त्याच खड्ड्यात परत,
दोन म्हणजे चल पुढे.
मग बुक्क्यांचा पाऊस. सापडलं.

बाहेर आला तेव्हा पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.
एक बोल्ट, कुणीतरी घाईत अर्धाच आवळलेला.
आवळायला चार मिनिटं लागली.
त्याने आठ हजार तुग्रिक घेतले, आणि त्यातले दोन
"पाठ दुखली म्हणून."

आणि न विचारता सांगितलं,
"बॅटरी पुढचा हिवाळा काढेल, त्याच्या पुढचा नाही.
आत्ताच सांगतो. तेव्हा शिव्या देऊ नकोस."

मी बटण दाबलं. बाई बोलली.
"हिला बंद करू का?"
"काय म्हणते ती?"
"माहीत नाही," तो म्हणाला, आज दुसऱ्यांदा.

राहू दे म्हटलं.
उतरताना तो मोठा खड्डा आला, मी मुद्दाम चाक घातलं,
आणि खड्डा संपल्यावर
सवयीने थोडी थांबले.