वाक्यात उपयोग करा

पूल जाळू नका —
म्हणजे, मुलांनो, नोकरी सोडताना
साहेबाला शिव्या देऊन निघू नये.
दिवाडीची नववी
फळ्याकडे नुसती बघत राहिली.

‘टीचर, आमगेर पूलच ना,’
क्लेटस म्हणाला.
‘फेरी आसा. ती जळना. बंद पडटा.’

चाचणीत त्यानं वाक्य केलं :
माझ्या पप्पांनी पूल जाळला नाही.
ते स्विंडनला आहेत.
फक्त फेरीतून उतरत नाहीत.

इंग्रजी बिनचूक. गुण
दोन द्यावेत की अर्धा?
धक्क्यावर लागलेल्या फेरीत, मांडीवर पेपर,
लाल पेनचं टोपण दातांत.

फोंड्याला शरयू राहते, माझी सख्खी बहीण.
आईच्या पाटल्यांवरून चार वर्षं झाली.
जाळलं कुणीच काही नाही.
दिवाळीला पणतीचं चित्र येतं तिचं,
मी दुसरी पणती पाठवते,
तीही कुणाकडून आलेली.

इंजिन घरघरतंय.
चढावरून कुणीतरी स्कूटर दामटत येतंय,
एक हात वर, थांबा थांबा.
खलाशी एक कचकचीत शिवी हासडतो
आणि फळी
खालीच राहू देतो.