एकास बारा

लागुनिल्याच्या बाजारात रविवारी
माझी ताडपत्री निळी, शेजारणीची लाल.
डोन एवारिस्तो येतात दहाच्या सुमारास,
खिशात व्हर्नियर कॅलिपर.
चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या त्यांनी,
म्हणजे सगळं काम एकास एक.
दात लहान करून कुणाला चालतो?
आता निवृत्तीत एकास बारा म्हणतात,
देवाचं नाव घ्यावं तसं.

माझ्याकडे सगळ्या मापांचे आहेत.
एकास सहा: वीत आणि वर चार बोटं,
अंगात खरं कापड, खरी शिवण.
पण सूत काही सहापट बारीक होत नाही,
म्हणून कॉलर मानेवर गोधडीसारखी बसते.
एकास अठरा: माझ्या मधल्या बोटाहून जरा उंच,
पोटात रबराचा छल्ला, तो तुटला
की कमरेतून माणसाचे दोन.
पण जीप यांनाच मिळते. होडी, हेलिकॉप्टरसुद्धा.
मोठ्याला जीप द्यायची तर खाटेएवढी लागेल,
तेव्हा मोठे जन्मभर उभेच.
मधला एकास बारा. थोडक्यात वीत भरत नाही.
गुडघे पुरते दुमडतात, टेबलावर मावतो,
बायको ओरडत नाही.

धूळ तेवढी सगळ्यांवर एकास एक पडते.
मोठ्याच्या खांद्यावर ती धूळच,
छोट्याच्या टाळक्यात दगड.
सकाळी ब्रशनं झटकते मी,
छोट्यांपासून सुरुवात करते.

मागच्या रविवारी त्यांनी एल पेल्त्रे मागितला.
कुस्तीगीर. निळा मुखवटा, पांढरे ठिपके,
स्वयंपाकघरातल्या एनॅमलच्या थाळीसारखा.
‘खरा एकशे बासष्ट सेंटिमीटर होता.
साडेतेरा भरला पाहिजे.’
माझ्याकडचा भरला पंधरा.
कंपनीचं काय, साचा एक, मुखवटे चाळीस.
‘मग हा तो नव्हे.’

मी विचारलं, पाहिला होता तुम्ही?
‘तोलुकात. सहा वर्षांचा होतो,
पहिल्या रांगेत, मामाच्या मांडीवर.
दोरांवरून सरळ आमच्या अंगावर आला.
मामाचा पुढचा दात गेला.’
आणि केवढा होता तेव्हा?
त्यांनी कॅलिपर उघडला. मिटला. उघडला.
शेजारीण ताडपत्रीवर पाणी मारत होती.

मग उकिडवे बसले, गुडघे कडाडले,
आणि मागच्या रांगेतला तो मोठा काढला,
एकास सहा, कसर लागलेल्या झग्याचा पेल्त्रे.
भोवती माझी बाराची माणसं गोळा केली:
नर्स, वेल्डर, दोन जादूगार,
आणि पुढ्यात एक टकला खलनायक, बसवलेला.
‘हा मामा.’
सावली पडली सगळ्यांवर.

टकल्याच्या मांडीसाठी काही मिळेना.
शेवटी अठराच्या डब्यात हात घातला,
एक मिशीवाला सार्जंट बाहेर काढला,
कॅलिपरच्या जबड्यात धरला.
‘नऊ पूर्णांक सात. गुणिले बारा,’
ओठ हलले थोडा वेळ,
‘एकशे सोळा.’
मग हळूच, कुणी ऐकू नये असं:
‘तेव्हा मी एवढाच असणार.’

सार्जंटच्या हातातलं पिस्तूल
त्यांनी नखानं उपसून ठेवलं बाजूला.

पैसे देताना घासाघीस केलीच, वीस पेसो सोडायला लावले.
तिघांना वेगवेगळं गुंडाळू का म्हटलं,
तर नको म्हणाले, एकाच पिशवीत.

पिस्तूल राहिलं इथेच. तांदळाएवढं.
झटकताना ब्रशला लागतं,
मी उचलते आणि परत
तिथंच ठेवते.