गहाण

पाच रुपये सुटे नव्हते त्याच्याकडे.
पिशवीतून पुस्तक काढलं, टेबलावर टाकलं,
‘हे राहू दे, आलोच’ म्हणत धावला आत.
मागच्या मागे कधी गेला, कळलं नाही.
मी फिनेलचा कॅन उघडत होतो.

रे रोडच्या पुलाखाली आमची ड्युटी, रात्री दहा ते सहा.
मुतारी फुकट, संडास पाच, अंघोळ दहा, साबण स्वतःचा.
गोदामांतले हमाल, ट्रकवाले, क्लीनर,
मधूनच एखादा टायवाला, नजर चुकवत.

तीन दिवस त्या पुस्तकावर मी चहाचा ग्लास ठेवला.
चौथ्या रात्री उघडलं.

त्यात एक प्रोफेसर आहे.
एका सकाळी दाढी करताना त्याच्या मनात येतं,
कालचा दिवस झालाच होता, हे कशावरून?
बस. एवढंच.
पुढची तीनशे पानं तो हेच घेऊन बसतो.
बायको वैतागते, भांडी आपटते, शेवटी माहेरी जाते,
आणि हा विचारतो, ती होती कशावरून.

पहिल्यांदा हसू आलं मला.
म्हटलं, साहेब, या इकडे, वही दाखवतो:
काल संडास एकशे चौऱ्याहत्तर, अंघोळ अडतीस,
एक बल्ब गेला, एका म्हाताऱ्याला चक्कर आली.
झाला की नाही कालचा दिवस?

वाक्य अर्ध्यात असताना कोणीतरी नाणं आपटतं.
‘ओ खंडूशेठ, बादली!’
बादली देतो, तुंबलेलं काढतो, हात धुतो,
पुरते कोरडे झाल्याशिवाय पानाला लावत नाही.
परत येईपर्यंत प्रोफेसर तिथंच उभा,
गालावर अर्धा फेस.

एकशे नव्वदाव्या पानावर मात्र घाम फुटला.
कारण वही मीच लिहितो,
आणि गाला शेठचं सांगणं आहे,
रोजचे चाळीस कमी लिहायचे.
चार वर्षं झाली.
रोज चाळीस माणसं आली, बसली, हलकी होऊन गेली
आणि कुठंच झाली नाहीत.
त्या रात्री कडी काढून बाहेर येणाऱ्या
प्रत्येकाचं तोंड नीट बघितलं:
हा लिहिलेल्यातला, की चाळिसातला?

माझं नाव तर वहीत कुठल्याच पानावर नाही.

परवा तो आला. तीच पिशवी.
टेबलावर पाचाचं नाणं ठेवलं.
‘त्या दिवशीचे. पुस्तक होतं माझं.’
माझी अकरा पानं राहिली होती.
‘त्या दिवशी?’ मी म्हटलं,
‘तो दिवस झालाच होता कशावरून?’

तो बघत राहिला. हसला नाही, बिसला नाही,
पालथी बादली ओढून बसला.
‘कुठवर आलास?’
‘बायकोचं पत्र येतं तिथवर.’
‘वाच,’ म्हणाला, ‘थांबतो मी.’

तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं, पाणी गेलंय.
मी उठायच्या आत तोच उठला,
बाह्या सारून पिंपाकडे गेला.

वहीत त्याचं काय लिहायचं,
अजून ठरलं नाही.