पाहुण्यांचा टॉवेल

विमान आज उतरणार नाही, दिओलिंदा म्हणाली
आणि उतू जाणारं दूध खाली घेतलं.
धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं,
शेजारच्या हावऱ्या पोरासारखं.
फ्लोरेस बेटावर वेळापत्रक म्हणजे
पोस्टाच्या भिंतीवर लावलेलं एक चित्र.

मी चार दिवसांसाठी आले होते.
सातवा चालू होता.
पहिल्या दिवशी तिनं पांढरा टॉवेल दिला,
काठाला निळी वेल, घडीच्या रेघा करकरीत,
इतका जपलेला की पाणीच टिपायचा नाही.
पाचव्या दिवशी तो खुंटीवरून नाहीसा झाला.
त्याच्या जागी एक विटका,
मधोमध झिरझिरीत.
मला वाटलं, कंटाळली आता माझ्या मुक्कामाला.

त्या संध्याकाळी तिचा भाऊ आला, एरमिनियो,
फॉल रिव्हरहून, चौतीस वर्षांनी.
शेवटचा टप्पा बोटीनं, त्यामुळे तोंड हिरवं पडलेलं.
बॅगेत कॉफीचे डबे, सांधेदुखीच्या गोळ्या,
आणि भाच्यासाठी जीन्स,
जो भाचा आता दोन मुलांचा बाप आहे.
पडद्यांच्या कारखान्यात होतो, म्हणाला मला,
दुसऱ्यांच्या खिडक्या झाकल्या आयुष्यभर.

जेवताना चमच्यासाठी उठला.
खण ओढला. हलेना.
जोर लावला, बश्या खुळखुळल्या.
वडिलांनीच बनवलेला खण तो,
आणि मी, परवा आलेली बाई,
न राहवून उठले:
आधी थोडा वर उचलायचा,
मग डावीकडे, मग ओढायचा.
उघडला.
कुणीच काही बोललं नाही.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दिओलिंदानं कपाट उघडून
त्याच्या हातात पांढरा टॉवेल ठेवला,
निळ्या वेलीचा.
त्यानं त्याच्याकडे पाहिलं,
मग खुंटीवरच्या विटक्याकडे,
मग माझ्याकडे.
तोंड धुऊन आला तेव्हा
चेहरा ओलाच होता, बाही भिजलेली.

रात्री पायरीवर बसलो तिघं.
खाली समुद्र होता, आवाजापुरता.
तो म्हणाला, तिकडे दर रविवारी फोनवर
मी पहिलं हेच विचारायचो, धुकं आहे का?
आता समोर आहे
आणि विचारायला कुणी नाही.

दिओलिंदा शेंगा सोलत होती.
बेट तिनं एकदाच सोडलंय, दाढ काढायला.
म्हणाली, तू निदान तिकीट काढून गेलास.
माझ्या वर्गातली एकवीस पोरं गेली,
शाळा गेली, पाव भाजणारा गेला,
ओढासुद्धा त्या पुरानंतर पलीकडून वाहतो.
मी जागची हलले नाही रे,
बसल्या जागी परगावी आले.
शेंग रिकामी होती. तिनं ती अंगणात भिरकावली.

मला माझ्या गावातली
गेल्या वर्षीची एक दुपार आठवली.
रिक्षावाल्यानं विचारलं होतं, नवीन का इथं?
मी हो म्हणाले होते.
का म्हणाले, अजून कळलेलं नाही.

सकाळी लख्ख उघडलं.
बंधाऱ्यावरची निळी फुलं धुतल्यासारखी,
आणि आकाशात खरोखरचं विमान.
बॅग उचलून मी माझ्याच भाषेत म्हणाले, येते.
एरमिनियोनं अर्थ विचारला.
मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं,
निघताना आमच्यात जाते म्हणत नाहीत.
परत येत नसलो तरी.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मी धक्क्यावर जातो म्हणालो होतो.
मोठ्यांदा. टोपी उडवून.

दोरीवर विटका टॉवेल वाळत होता, ठिबकत,
माझा तर रात्रीच वाळला होता.
दिओलिंदानं तो नुसता सारखा केला, चिमटा लावला,
माझ्या गालाला गाल लावले
आणि कोंबड्यांकडे गेली.

फाटकापाशी बुटाची नाडी बांधायला वाकले
तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येत होता,
लाकडावर लाकूड घासल्याचा.
खण उघडला.
बंद झाला.
जरा थांबून, पुन्हा.