निशाणी चार

मोहरीच्या पत्र्याच्या डबीत एक विझलेला निखारा होता,
वाटाण्याएवढा.
मी चिठ्ठी चिकटवली : निशाणी चार.
वजन किती, हे कारकुनाला कोणी विचारत नाही.
डबी उघडताना श्वास रोखावा लागे,
इतकं.

निशाणी एक, शेताचा नकाशा. दोन, शेडचं तपासणी-बुक.
तीन, तारेची जाळी, धुराड्यात बसवतात तसली;
त्या इंजिनातली नव्हे, नवीकोरी, कंपनीनं आणलेली.
बारा पंचांनी ती उजेडाला धरली
आणि पलीकडचा पंच त्यांना चौकोनाचौकोनांनी दिसला.

बोझेना क्रेयची नवऱ्याचा कोट घालून उभी राहिली.
नेब्रास्कातला नोव्हेंबर; तिचा स्वतःचा कोट
कोठारात खुंटीवर होता, कोठार होतं तोवर.
दुभाष्या तिचा पुतण्या.

ठिणगी पाहिलीत?
गाडी पाहिली.
ठिणगी पाहिलीत का, एवढंच विचारतोय.

पुतण्यानं बराच वेळ विचारलं,
तिनं त्याहून बराच वेळ सांगितलं :
ओटचा वास आधी बदलला म्हणून, बदकं ओरडली म्हणून,
दोन्ही हात कोपरापर्यंत उचलून काहीतरी.
मग तो इंग्रजीत म्हणाला : नाही.
मी लिहिलं : नाही.
उरलेल्याला रकाना नव्हता.

ड्रायव्हर टॅगर्ट. हात घासून लाल केलेले.
इंजिन दोनशे चौदा, सतरा डबे, चढ,
दुतर्फा गुडघाभर वाळलेलं गवत.
गवत कापणं त्याचं काम नव्हे. वारा त्याचा नव्हे.
जाळी सोमवारी तपासली. आग शनिवारी.
मधल्या दिवसांच्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणानं,
जणू आठवडा एका दमात लिहून टाकलेला.
'असल्या जाळीतून सुटलेली ठिणगी
तीस पावलांच्या आत मरते,' तो म्हणाला. 'नेहमी.'

क्रेयचीची गंजी नव्वद पावलांवर.
मग डबीतलं ते चालत गेलं का?
तिचा वकील नवखा होता, त्यानं विचारलं नाही.
पेलहॅमसाहेब मात्र उठले, घसा साफ करून म्हणाले,
शेतात चूल असते, म्हाताऱ्यांचा पाइप असतो, पोरं असतात,
वीज असते. हे राईचा पर्वत करताहेत.
डबीवर मोहरीचं चित्र. पंच हसले.
न्यायाधीशही, रुमालाआड.

मधली सुट्टी. सगळे सूप प्यायला गेले.
स्टोव्ह धुमसत होता म्हणून मी खिडकी उघडली,
शेवटचं पान वाळायला ठेवलं.
बाराची मालगाडी कोर्टाच्या मागून गेली,
काचा थरथरल्या, दौत थोडी सरकली,
मी वर घड्याळाकडे पाहिलं.
खाली पाहिलं तर ओळीत एक भोक,
मसुराएवढं, तपकिरी काठाचं, अजून रुंदावत जाणारं.
अंगठा दाबला.

ठिणगी पाहिलीस?
नाही. घड्याळ पाहिलं.

'नेहमी' हा शब्द गेला होता.
वेलांटीचा एक तुकडा तेवढा उरला.

सांगितलं असतं तर पेलहॅमसाहेब स्टोव्हकडे बोट दाखवते,
सहा फुटांवर होता, माझ्या पाठीमागे,
आणि मी शपथ घेतलेला साक्षीदार नव्हतो,
आणि नोंदीत तूट नसावी असा नियम आहे.
मी समासात तो शब्द परत लिहिला, नीट,
बाण काढून दाखवला कुठला ते.

संध्याकाळी रुळापासून खिडकीपर्यंत चालून पाहिलं.
एकशे दोन. दुसऱ्यांदा नव्व्याण्णव.
पाऊल माणसागणिक बदलतं, हे मलाही मान्य.

निकाल लागला त्या दिवशी बर्फ होतं.
पुरावा अपुरा.
ती इंग्रजी न कळताही आधीच उठली होती.

जाळी कंपनीनं सही करून परत नेली.
डबी न्यायला कोणी आलं नाही.
कपाट बदललं की तीही बदलते; मी हलवून पाहतो,
आत काहीतरी वाजतं.