स्ट्रॉ काढून

तेम्माच्या गल्लीत आमचं दुकान. वर एक लांब टेबल.
उलाँग चहा आणि उलाँग-हाय
दिसायला सख्खे भाऊ: तोच ग्लास, तोच बर्फ, तोच रंग.
दारू कशात, ते स्ट्रॉवरून कळतं.
चहात स्ट्रॉ असते.

एप्रिलात नवी भरती येते,
सुटांची घडीसुद्धा मोडलेली नसते.
हायासे नावाचा पोरगा
बुटांचं निमित्त करून जिन्यापाशी आला.
"माझ्यात नुसता चहा. आणि जमलं तर..."
वाक्य तिथंच राहिलं.
मी स्ट्रॉ एप्रनच्या खिशात टाकली.

वर कांपाई झालं. मग पुन्हा झालं.
चौथ्या ग्लासाला त्याचे कान लालबुंद.
चहानं कान तापतात हे मला नवीनच.
विभागप्रमुख कुरोइवासाननी टेबलावर थाप मारली,
"पोरगा पचवतो हं!"
आणि त्याच्या ग्लासाला आपला भिडवला.
हायासेनं आपला बोटभर खाली धरला,
रीत म्हणून.

अकरा वर्षांपूर्वी
त्याच जिन्यापाशी कुरोइवासान उभे होते,
हातात दवाखान्याचं पाकीट.
ते काही बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं.
तेव्हापासून बिल तेच घेतात,
कुणाला दिसू नये असं, छातीशी धरून.

आजही घेतलं.
उलाँग चहा: आठ.
आपले चार त्यांनी मोजले असणार.
मग उरलेल्यांवर बोट थांबलं.

हायासे पायरीवर बसून नाडी बांधत होता.
त्यांनी बिलाची बारीक घडी केली,
"उद्या नऊला," म्हणाले,
"उशीर नको."