पदरमोड

वही निळी आहे, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा डाग.
ग्लेनिसबाईंना आकडे दिसेनासे झाले
तेव्हा त्यांनी ती माझ्या हाती दिली. म्हणाल्या,
तू बँकेत होतास ना, जालन्याला?
मग हा तुझ्या हातचा मळ.
त्यांच्या भाषेत, असंच काहीसं.

फ्लीटवुडच्या या टोकाला ट्राम वळते,
पुढे जमीनच नाही.
मासळीचा धंदा मी येण्याआधीच बसलेला.
उरलं आहे ते चर्च, विटांचं, ठेंगणं.
उत्तरेकडचं छप्पर गळतं, खाली बादली,
आणि प्रार्थनेत तिची टपटप
ऐकू येत नाही असं सगळे दाखवतात.

आठवड्याला चाळीस पौंड. एवढीच तरतूद.
आपली माणसं गावात जी कामं अंगावर घेतात
त्यांत त्यांची पदरमोड होऊ नये म्हणून.

डेरेक : पेट्रोल, सहा पौंड ऐंशी. हॅलम म्हाताऱ्याला डायलिसिसला.
मॉरीन : राखाडी लोकर, चार गुंडे. खलाशांच्या टोप्या.
काइल, वय सतरा : रबरी बूट, किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचायला.
बूट परत आले नाहीत. असू दे.
हे 'असू दे' ग्लेनिसबाईंच्या अक्षरात.

मी आल्याआल्या लाल शाईने रकाने आखले :
पावती, तारीख, सही.
डेरेकने चिठ्ठी आणून दिली :
गेलो. हॅलमने दार उघडलं नाही.
पायरीवर तासभर बसलो. चालत गेलो होतो. खर्च शून्य.
बँकेत शून्याची नोंद करत नाहीत.
मी केली. रकान्यात मावेना, म्हणून समासात.

जानेवारीत सभा. छप्पर की वही?
मिस्टर ब्रॅडशॉ म्हणाले, सेवा म्हणजे फुकट,
मग पैसे कशाचे?
मी सहसा उठत नाही. उठलो.
म्हणालो, आमच्याकडे एक शब्द आहे.
पदर, म्हणजे साडीचं टोक. त्याला गाठ, गाठीत नाणी.
दुसऱ्यासाठी ती गाठ...
पुढचं इंग्रजी सुचेना.
हवेतच गाठ सोडून दाखवली.
मॉरीनने ॲप्रनचं टोक चिमटीत धरून पाहिलं.
पाद्रीबाई म्हणाल्या, बादली ओतून टाकता येते.
ठराव मंजूर. विरोधी मत एक.
हल्ली बादली ब्रॅडशॉच ओततात.

मार्चमध्ये जुन्या वह्या वाळत घातल्या,
ओलीने फुगलेल्या.
अकरा वर्षांपूर्वीच्या एका पानावर माझं आडनाव,
शेवटचं अक्षर गाळून :
'उजागर, डॉक स्ट्रीट. बायको वारली.
सूप. बसभाडं दोन पौंड वीस.
नवरा बोलत नाही. गुरुवारी पुन्हा जाणे.'
खाली गुरुवार. बोलत नाही. पुन्हा जाणे.
खाली गुरुवार.
सात मोजले. सवयीने बेरीजही केली,
पंधरा पौंड चाळीस.

मला आठवत होतं ते एवढंच :
सुवार्ता गेली त्या हिवाळ्यात
एक उंच बाई यायची, टोपीवर पाऊस घेऊन.
मी दार वीतभर उघडायचो.
सूप खारट असायचं.
बाई रिकामटेकडी असणार, असं वाटायचं.
ती बसने येते,
बसला भाडं पडतं,
ते भाडं कुणीतरी आधी सभेत मंजूर केलेलं असतं,
हे डोक्यात आलं नाही. मी तर बँकेतला माणूस.

कालची नोंद :
उजागरे, बसभाडं. ग्लेनिसबाईंना वही वाचून दाखवली.
काइलच्या बुटांपाशी त्यांनी थांबवलं,
पोरगा बरा आहे ना, विचारलं.
त्या सात गुरुवारांचं मी काही बोललो नाही.
सूप नेलं होतं. एक घोट घेऊन म्हणाल्या,
अळणी.

परतीची बस चुकली.
समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत आलो.
खर्च शून्य.
समासात लिहिलं.